ज्याने शिफारस केली, त्याचं पुढे काय झालं?

परवा शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड आला. 'हिटलरला शौर्यपदक मिळवून दिलं ते एका ज्यू अधिकाऱ्याने! नियती बघा!' खाली सात-आठ हसरे चेहरे, आणि एकाचं 'कर्माची फळं'. माहिती खरी आहे. पण फळं नक्की कुणाच्या कर्माची, हे काही मला समजलं नाही. म्हणून लिहायला बसलोय. जरा लांबेल.

त्या अधिकाऱ्याचं नाव ह्यूगो गुटमन. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा, जन्म 1880 चा. 1902 ला सैन्यात गेला, दोन वर्षांनी राखीव दलात आला आणि 1914 ला महायुद्ध पेटल्यावर पुन्हा वर्दी चढवली. पलटण 16 वी बव्हेरियन राखीव पायदळ (बव्हेरिया म्हणजे जर्मनीतलं एक राज्य, स्वतःचं सैन्य असलेलं), पहिल्या कर्नलच्या नावावरून 'लिस्ट रेजिमेंट' म्हणायचे तिला. डिसेंबर 1914 मध्ये गुटमनला दुसऱ्या वर्गाचा आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मन शौर्यपदक, मिळाला, वर्षभराने त्याहून वरचा, पहिल्या वर्गाचा, आणि मधल्या काळात तो लेफ्टनंट झाला. हे लेफ्टनंट होणं साधं नव्हतं. प्रशिया या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याच्या सैन्यात 1885 पासून युद्ध सुरू होईपर्यंत ज्यू माणसाला राखीव दलातला अधिकारीसुद्धा होऊ देत नव्हते. बव्हेरियात ते दार थोडं किलकिलं होतं, एवढंच.

आपल्याकडचा एक धागा सांगतो. ही पलटण मार्च 1915 मध्ये फ्रान्सातल्या न्यू शापेलला लढली, आणि समोर इंग्रजांबरोबर हिंदी फौज होती. त्याच गावात आदल्या ऑक्टोबरच्या 28 तारखेला आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्सच्या (सैन्यातल्या इंजिनियर जवानांच्या) दोन कंपन्या 47 व्या शीख पलटणीबरोबर गल्लीबोळांतून, घराघरातून लढत घुसल्या होत्या आणि पार कापल्या गेल्या. खडकीवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे गावाचं नाव माहीत असेल?

आता तो फॉरवर्डवाला प्रसंग. 1918 साली गुटमन पलटणीचा ॲडज्युटंट, म्हणजे कर्नलचा कामकाज बघणारा अधिकारी, होता, आणि निरोप पोहोचवणारे जवान त्याच्या हाताखाली. फोनच्या तारा तुटलेल्या, तोफा चालू. गुटमनने दोघा निरोप्यांना शब्द दिला की चिठ्ठी पुढे पोहोचवलीत तर पहिल्या वर्गाचा क्रॉस मिळवून देतो. दोघांनी पोहोचवली. वरच्यांना त्यात फार मोठा पराक्रम दिसेना, तरी गुटमन कित्येक आठवडे डिव्हिजनच्या मागे लागून राहिला. दोघांपैकी एक होता हिटलर. 4 ऑगस्ट 1918 ला त्याच्या छातीवर क्रॉस लागला. दुसऱ्या वर्गाचे क्रॉस लाखोंनी वाटले गेले होते, पण साध्या शिपायाला पहिल्या वर्गाचा मिळणं दुर्मीळ. पुढे हिटलरने तो जन्मभर मिरवला.

माझ्या मते गुटमनने यात चूक काहीच केली नाही. शब्द दिला होता, तो पाळला. चांगला अधिकारी हेच करतो.

मला जास्त बोचतं ते 1916 साल. त्या ऑक्टोबरात जर्मन युद्धमंत्रालयाने हुकूम काढला, सैन्यातले ज्यू मोजा. किती खंदकात, किती मागे कचेऱ्यांत, किती घरी. का, तर ज्यू लढाई चुकवतात अशी ओरड होती. आणि मोजून झाल्यावर आकडे युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले! जवळपास एक लाख ज्यू त्या युद्धात जर्मनीकडून लढले, 12 हजार मेले. संशय खोडून काढणारा आकडा कपाटात राहिला, संशय मात्र गावभर फिरला.

माझे आजोबा सॅपर्समधून निवृत्त झाले. मेडलं बोर्नव्हिटाच्या डब्यात, डांबराच्या गोळीसकट. एरवी कधी हात लावायचे नाहीत, पण पेन्शनच्या कामाला निघताना सदऱ्यावर लावायचे. आजी हसायची. "अगं, त्याशिवाय बसा कोण म्हणतंय?" एवढंच त्यांचं उत्तर.

1 एप्रिल 1933 ला नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला, तेव्हा कोलोनमध्ये रिखार्ड श्टेर्न नावाचा दुकानदार आयर्न क्रॉस लावून स्वतःच्या दुकानाच्या दारात उभा राहिला. शेजारी नाझी पहारेकरी. फोटो आहे त्याचा. तो बघितला की मला आजोबांचा सदरा आठवतो. फरक एवढाच की आजोबांना शेवटी खुर्ची मिळायची.

राष्ट्राध्यक्ष आणि जुना सेनापती हिंडेनबर्ग याच्या भिडेखातर आघाडीवर लढलेल्या ज्यूंना सरकारी नोकरीत काही दिवस सूट मिळाली. 1934 ला माजी सैनिकांना नवं सन्मानपदक निघालं, ते ज्यूंनाही दिलं, सोबतच्या कागदावर 'फ्यूररच्या नावाने' असं छापून. वर्षभरात नवे ज्यूविरोधी कायदे आले; सूट गेली, नागरिकत्व गेलं. ते कायदे जाहीर झाले न्यूरेंबर्गला, म्हणजे गुटमनच्याच गावात, जिथे तो युद्धानंतर ऑफिस-फर्निचरचं दुकान चालवत होता.

पुढे गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गुटमनला उचललं. सुटला. 1939 ला बायको आणि दोन मुलांना घेऊन बेल्जियम, तिथून 1940 ला अमेरिका. मागोमाग जर्मन रणगाडे बेल्जियममध्ये शिरले. नोव्हेंबर 1941 मध्ये जेवणानंतरच्या गप्पांत हिटलर म्हणाला, आमच्या पलटणीत गुटमन नावाचा एक ज्यू होता, भेकड होता. आपला क्रॉस कुणाच्या खटपटीने आला, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

(श्टेर्नचंही सांगून टाकतो. तोही 1939 ला अमेरिकेत गेला, वय झालेलं असूनही त्यांच्या सैन्यात शिरला आणि इटलीत जर्मनांशी लढून सिल्व्हर स्टार हे अमेरिकी शौर्यपदक मिळवलं.)

गुटमन सेंट लुईसला स्थायिक झाला. तिथे त्याने नावच बदललं. 1962 साली वारला तो हेन्री ग्रँट म्हणून.