चिकटलेली पिशवी मोकळी झाल्यानंतर

ताई, आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. गर्भाशयाची, म्हणजे पिशवीची, आतली चिकटण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने सोडवल्यानंतर आपल्या वहिनीची पाळी सुरळीत झाली, आता तिला चौथा महिना आहे, आणि अशा शस्त्रक्रियेनंतरच्या गरोदरपणात वार (बाळाला पोसणारा, नाळेला जोडलेला गोळा) पिशवीला घट्ट चिकटण्याचा धोका असतो, असे लिहून मी घरातल्या बायांच्या जिवाला घोर लावला, असा आपला आक्षेप आहे. घोर लागला याचे वाईट वाटते; परंतु ते विधान मी मागे घेऊ शकत नाही.

पिशवीला आतून चिकटण होते, म्हणजे तिच्या आतल्या भिंती पडद्यांनी एकमेकींना जोडल्या जातात, ती बहुतेक वेळा गर्भपातानंतर किंवा बाळंतपणात वार अडकल्यावर केलेल्या क्युरेटिंगमुळे, म्हणजे पिशवी खरवडून साफ केल्यामुळे. आपल्याकडे गर्भाशयाचा क्षय हेही मोठे कारण आहे. १९४८ मध्ये जोसेफ अशरमन यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव पडले. दुर्बिणीतून हे पडदे कापले की पोकळी मोकळी होते, पण दर महिन्याला नवे अस्तर ज्या खालच्या थरातून उगवते, तो थरच खरवडला गेला असेल तर कात्रीने तो परत येत नाही. चिकटण थोडी असेल तर दिवस राहण्याची आशा चांगली असते. फार असेल, किंवा क्षयाची असेल, तर ती बरीच कमी होते.

वहिनीने हा टप्पा ओलांडला, ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. तरीही अस्तर विरळ राहिलेल्या जागी वार रुजली, तर ती थेट पिशवीच्या स्नायूत शिरू शकते. मग बाळ होते, वार सुटत नाही आणि रक्त थांबत नाही. पुष्कळ जणी सुखरूप बाळंत होतात, हेही तितकेच खरे.

दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, अशीच एक बाई आमच्या तालुक्याच्या गावी पहाटे बाळंत झाली. अर्धा तास उलटला तरी वार सुटेना. तिच्या शस्त्रक्रियेचा कागद माहेरी पेटीत, साड्यांच्या घडीखाली होता. नऊ महिने तपासताना मी तो कधी मागितला नव्हता. रक्त जिल्ह्याहून यायचे होते. ती वाचली, पण पिशवी काढावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येकीला ‘आधी पिशवी साफ केली होती का’ हे विचारतो, आणि म्हणूनच ते लिहिले.

वहिनीचा तो कागद आजच माता-बाल संरक्षण कार्डाला जोडून ठेवावा. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत, आणि सातव्या-आठव्यात पुन्हा एकदा डॉप्लरसह (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), वार कुठे आहे व किती खोल गेली आहे हे मुद्दाम पाहायला सांगावे. वार खाली, पिशवीच्या तोंडाशी असेल तर अधिकच जपावे लागेल.

तिचे माहेर मेळघाटात, धारणीकडे आहे आणि पहिले बाळंतपण तिथेच करायचे ठरले आहे, असे आपण लिहिले आहे. धारणीहून अमरावती गाठायला घाट उतरून कित्येक तास जातात. बाळंतपण अमरावती, सेवाग्राम किंवा नागपूर अशा रक्तपेढी जवळ असलेल्या ठिकाणीच व्हावे, आणि तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच तिने तिथे जाऊन राहावे. सव्वा महिना मात्र आईजवळ, माहेरीच काढावा.