सातबाऱ्यावर बहिणीचे नाव

कोकणातल्या आपल्या मशिदींत जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या, दुसऱ्या खुतब्याच्या (प्रवचनाच्या) अखेरीस कुरआनच्या सूरह नहल या अध्यायाची ९० वी आयत पढली जाते. अल्लाह न्यायाचा, भलाईचा आणि नातेवाइकांना देण्याचा हुकूम करतो, आणि निर्लज्जपणा, दुष्कृत्य व जुलूम यांपासून मना करतो, असा तिचा आशय आहे. ही आयत खुतब्यात घेण्याची रीत खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांच्या काळापासून, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आरंभापासून, चालत आल्याचे सांगितले जाते. बाणकोटपासून राजापूरपर्यंतच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांत वाढलेल्या मुलांना अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी ती ऐकून ऐकून पाठ झालेली असते. न्याय आणि नातेवाईक यांचा उल्लेख या आयतीत एकमेकांना लागून आला आहे, आणि नेमके तिथेच, घरच्या माणसांशी न्यायाने वागण्याच्या बाबतीत, आपला समाज सर्वांत कच्चा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी बोलतो आहे ते बहिणींच्या वारसाहक्काबद्दल.

आपल्याकडे माणूस दीनदार आहे की नाही, हे त्याच्या नमाजावरून, रोज्यांवरून, हज-उमऱ्यावरून आणि मशिदीच्या बांधकामाला त्याने किती दिले यावरून ठरते. या गोष्टींचे मोल मी तिळभरही कमी मानत नाही. परंतु सूरह बकरहच्या १७७ व्या आयतीत कुरआन स्पष्ट सांगते की पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करणे म्हणजे नेकी नव्हे. नेकी त्याची, जो अल्लाहवर, अखेरच्या दिवसावर, फरिश्त्यांवर, किताबावर आणि पैगंबरांवर ईमान ठेवतो, आणि संपत्तीचा मोह असतानाही ती नातेवाइकांना, अनाथांना, गरजूंना आणि वाटसरूंना देतो. नमाज आणि जकात यांचा उल्लेख त्याच आयतीत याच्या पुढे येतो. ईमान आणि व्यवहार यांची दोन वेगळी खाती कुरआनने कुठेही मांडलेली नाहीत.

वारशाची गोष्ट तर कुरआनने मोघम ठेवलेलीच नाही. सूरह निसाची सातवी आयत सांगते की आईबापांनी व जवळच्या नातेवाइकांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही हिस्सा आहे. ती मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, हा हिस्सा ठरवून दिलेला आहे. पुढे अकराव्या व बाराव्या आयतीत अर्धा, पाव, आठवा, दोन-तृतीयांश, एक-तृतीयांश, सहावा असे अपूर्णांक येतात. नमाजाचा हुकूम कुरआनात वारंवार आला, पण त्याच्या रकातींची (आवर्तनांची) संख्या आपल्याला हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या (स.) वचनांच्या व आचरणाच्या नोंदींतून, कळते. वारशाचे आकडे मात्र अल्लाहने थेट आयतींतच सांगितले. तेराव्या आणि चौदाव्या आयतीत या हिश्श्यांना अल्लाहने घालून दिलेल्या मर्यादा म्हटले आहे आणि त्या ओलांडणाऱ्याला आगीची ताकीद दिली आहे. एवढी कडक ताकीद ज्या हुकमाला जोडलेली आहे, तो हुकूम आपण चालीरीतीच्या भरवशावर सोडून दिला आहे.

या आयतींमागची घटना तिरमिजी आणि अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहांत आली आहे. उहुदच्या लढाईत पैगंबरांचे (स.) साथी साद बिन रबी शहीद झाले. त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुली राहिल्या. साद यांच्या भावाने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. त्यांची विधवा दोन्ही मुलींना घेऊन पैगंबरांकडे (स.) आली आणि म्हणाली की यांच्या चाच्याने सर्व काही घेतले, आता यांची लग्ने कशी व्हावीत? त्यानंतर वारशाची आयत उतरली आणि पैगंबरांनी (स.) त्या भावाला बोलावून सांगितले की दोन्ही मुलींना मिळून दोन-तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, आणि उरेल ते तुझे. हिशेब केला तर चोवीस भागांपैकी सोळा मुलींचे, तीन आईचे आणि पाच भावाचे होतात. जो सकाळपर्यंत सगळ्याचा मालक होता, त्याच्या हातात एक-चतुर्थांशाहूनही कमी उरले. मक्का-मदिनेच्या समाजात, जिथे तलवार पेलणारा तो वारस असा दंडक होता, तिथे हा निवाडा किती जिव्हारी लागला असेल, याची कल्पना आजही करता येते.

आता हेच गणित आपल्या मातीत मांडू. एक गृहस्थ वारले. त्यांचे आईवडील आधीच गेलेले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत, आणि ८० गुंठ्यांची आंब्याची बाग आहे. दफनाचा खर्च, देणी आणि एक-तृतीयांशाच्या आत वसियत (मृत्युपत्र) असल्यास ती, हे सर्व आधी वजा होते. इथे तसे काही नाही असे धरू. पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे १० गुंठे, प्रत्येक मुलीला १० गुंठे आणि प्रत्येक मुलाला २० गुंठे. हे समजायला कोणत्याही मोठ्या आलिमाची गरज नाही. तरीही त्या बागेच्या सातबाऱ्यावर पाच वर्षांनी पाहिले तर बहुतेक वेळा दोनच नावे दिसतात.

मुलीला मुलाच्या निम्मे का, हा प्रश्न बाहेरचेही विचारतात आणि आपल्या शिकलेल्या मुलीही विचारतात. तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे. बायकोमुलांच्या खर्चाची जबाबदारी कुरआनने पुरुषावर टाकली, मेहर, म्हणजे लग्नात बायकोला द्यायची रक्कम, त्याने द्यायचा, आणि स्त्रीच्या मालमत्तेवर नवऱ्याचा हक्क नाही, हे त्याचे उत्तर मला पटते. परंतु निम्म्याच्या समर्थनासाठी तासभर बोलणाऱ्या भावाने बहिणीला प्रत्यक्षात काहीच दिलेले नसेल, तर त्याने हा युक्तिवाद करू नये. निम्मे आणि शून्य यांतला फरक आधी मिटला पाहिजे.

प्रत्यक्षात काय घडते, ते गावात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वडील जातात. तलाठ्याकडे वारस नोंद होते, आणि तिथे मुलींची नावे लावावीच लागतात म्हणून लागतात. मग काही महिन्यांत, कधी चाळीसावा होताच, हक्कसोडपत्राचा विषय निघतो. मुंब्र्याहून, मिरा रोडहून, चिपळूणहून बहिणींना बोलावून घेतले जाते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठे आणि सह्या होतात, फेरफार पडतो आणि नावे कमी होतात. वाटेत भाऊ चहा-नाश्ता देतो, गाडी करून घरी सोडतो, मे महिन्यात हापूसची पेटी पाठवतो. हे सर्व प्रेमानेच होते, हे मी नाकारत नाही. पण पेटी पाठवणे हा भावाचा स्नेह आहे आणि १० गुंठे हा अल्लाहने ठरवलेला हक्क आहे. पहिल्याने दुसऱ्याची फेड होत नाही.

मला सर्वांत जास्त सलते ती जनाज्याच्या वेळची एक गोष्ट. नमाजाआधी मयताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो की मरहूमांकडे कोणाचे काही देणे असेल तर आम्हाला सांगा, आम्ही ते फेडू. ही आपल्याकडची फार सुंदर रीत आहे, आणि माणसे ती खरोखर पाळतात; दुकानदाराची चारशे रुपयांची उधारीसुद्धा शोधून चुकती केली जाते. परंतु त्याच वेळी घरात रडत बसलेल्या बहिणींचा हिस्सा त्याच मालमत्तेत त्याच क्षणापासून उभा राहिलेला असतो, आणि त्याबद्दल त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही, कोणी एक शब्द उच्चारत नाही.

भावांची कारणेही ठरलेली आहेत. तिच्या लग्नात खर्च केला, हे पहिले. लग्नाचा खर्च बापाने हयातीत केला, तो वारशात धरण्याची मुभा कुरआनने दिलेली नाही. आणि धरायचाच असेल, तर मुलाच्या लग्नाचा खर्चही धरा, त्याला कुवेत-दुबईला पाठवताना एजंटला दिलेले पैसे धरा, त्याच्यासाठी बांधलेली वरची माडी धरा. आखाताच्या पैशांवर उभी राहिलेली आपली घरे पाहताना हा हिशेब कोणी मांडत नाही. जमीन परक्या गावात जाईल, हे दुसरे कारण. त्यावर फार बोलण्याची गरज नाही, कारण भावाने तिच्या हिश्श्याची चालू भावाने किंमत दिली तर जमीन घरातच राहते.

तिसरे कारण मात्र गंभीर आहे, कारण ते खरे वाटते. तिने खुशीने सोडले, असे म्हटले जाते. सूरह निसाच्या चौथ्या आयतीत मेहराबद्दल सांगितले आहे की स्त्रियांना तो आनंदाने द्या, आणि त्यातले काही त्यांनी आपल्या मनाच्या खुशीने सोडले तर ते खुशाल घ्या. तिथला क्रम पाहा: आधी द्या, मग तिने सोडले तर घ्या. आपल्याकडे देण्याआधीच सोडून घेतले जाते. ज्या बहिणीला आपला हिस्सा किती आहे हे कोणी सांगितलेले नाही, सही केली नाही तर माहेरचे दार बंद होईल ही भीती जिच्या मनात आहे, आणि उद्या नवऱ्याने टाकले तर याच दारात उभे राहायचे आहे हे जिला कळते, तिची सही खुशीची आहे असे मी म्हणू शकत नाही. तिच्या नावे हिस्सा लावा, तिच्या ताब्यात द्या, वर्षभर आंब्याचा पैसा तिच्या हातात पडू द्या. त्यानंतर तिने भावाला काही दिले, तर ते दान तिचे.

कागद कायदेशीर असला की माल हलाल होतो, असाही एक समज आहे. शेतजमिनीच्या बाबतीत तर १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधल्या अपवादाकडे बोट दाखवणारे लोक मला भेटले आहेत. कलमाचा अर्थ वकिलांनी लावावा. आयतीत शेत, बाग आणि घर असा भेद नाही. पैगंबरांच्या (स.) पत्नी उम्मे सलमा यांनी सांगितलेली एक हदीस या संदर्भात वाचावी. जुन्या वारशाच्या वादातले दोघे, कोणाकडेही पुरावा नसताना, पैगंबरांकडे (स.) आले. पैगंबर (स.) म्हणाले की मी माणूस आहे, तुमच्यातला एखादा आपली बाजू दुसऱ्यापेक्षा चांगली मांडत असेल आणि मी ऐकले त्यावरून निवाडा करीन, पण मी ज्याला त्याच्या भावाच्या हक्कातले काही दिले, त्याला मी आगीचा तुकडा दिला असे समजावे. ते दोघे रडले आणि प्रत्येक जण म्हणाला, माझा हक्क माझ्या भावाला दिला. खुद्द पैगंबरांच्या (स.) निवाड्याने जर दुसऱ्याचा हक्क हलाल होत नसेल, तर निबंधकाच्या शिक्क्याने तो कसा होईल?

या प्रश्नात जमातीने, म्हणजे मोहल्ल्याच्या मुस्लिम संघटनेने, गप्प बसणे मला मान्य नाही. हा घरगुती मामला आहे, असे म्हणून आपली कमिटी हात झटकते. मात्र तीच कमिटी लग्नातल्या बँडवरून आणि कब्रस्तानच्या कुंपणावरून बैठका घेते. अल-मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, आपल्या चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान होते आणि त्यांचे आपसांतले व्यवहार पाहण्यासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. राज्य मुसलमानांचे नव्हते, तरी आपल्या माणसांत न्याय लावण्याची जबाबदारी त्या समाजाने उचलली होती. आज जमातीने एवढे तरी करावे की दफनानंतर महिन्याभरात मौलानांकडून हिश्श्यांचा तक्ता लिहून घ्यावा आणि त्याची एकेक प्रत प्रत्येक वारसाच्या हातात, मुलींच्याही हातात, द्यावी. तक्ता हातात आल्यावर बहीण मागेल की सोडेल, हे ती ठरवील. शेजारच्या हिंदू घरांतही वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना समान हक्क मिळाला आणि तरी हक्कसोडपत्रे होतच राहिली, हे मी पाहतो. पण त्यांचे पाहून आपल्याला सूट मिळत नाही. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीने आपल्याला न्यायावर ठाम उभे राहून साक्ष द्यायला सांगितले आहे, मग ती स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध किंवा आप्तांविरुद्ध का असेना.

हयातीत सर्व काही मुलग्यांच्या नावे हिबा (बक्षीस) करून टाकणाऱ्या वडिलांनाही एक विनंती आहे. नुमान बिन बशीर यांच्या वडिलांनी त्यांना एकट्याला देणगी दिली आणि पैगंबरांना (स.) साक्षीदार व्हायला सांगितले, तेव्हा पैगंबरांनी (स.) विचारले, सर्व मुलांना असेच दिले आहे का? नाही म्हटल्यावर ते म्हणाले की अल्लाहचे भय बाळगा आणि आपल्या मुलांमध्ये न्याय करा, आणि त्यांनी साक्ष नाकारली. ती देणगी मग परत घेतली गेली.

आता जुन्या प्रकरणांचे काय, असे अनेक जण खाजगीत विचारतात. फुफू (आत्या) वारली, वीस वर्षे झाली, आता कोणाला द्यायचे? तिच्या वडिलांच्या पश्चात ती जिवंत होती, म्हणजे हिस्सा तिचा झाला होता, आणि तिच्यानंतर तो तिच्या वारसांचा आहे. ती मुले मुंब्र्यात असतील, कुवेतला असतील, कदाचित त्यांना या बागेचे नावही माहीत नसेल. सातबारा काढा, जुना फेरफार पाहा, मौलानांना बसवून तक्ता करा, आणि त्यांना फोन करा. जमीन देणे जमत नसेल तर किंमत द्या, एकरकमी जमत नसेल तर लिहून द्या आणि हप्त्याने द्या. मुदतीचे देणे लिहून ठेवा, असा हुकूम सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत दिलेलाच आहे.