बुडीत खर्च, साडेपाचशे फूट

डॅनियल कानेमन हा माणूस मानसशास्त्राचा, पण २००२ साली त्याला नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. आमच्याकडं कृषी पदवीधर पोलीस भरतीत पळतो, त्यातलाच प्रकार. त्याचं २०११ सालचं जाडजूड पुस्तक मी लातूरच्या उन्हाळ्यात वाचलं आणि त्यातला 'बुडीत खर्च' डोक्यात शिरला तो निघेचना. गेलेला पैसा गेला. पुढचं ठरवताना तो धरायचा नाही, एवढंच. तोटा दिसत असूनही ब्रिटन आणि फ्रान्स काँकॉर्ड विमानावर पैसे ओतत राहिले, ते हा धडा न पाळल्यामुळं.

वाचून गप्प बसणारी माणसं वेगळी. मी बायकोला पडेल सिनेमातून मध्यंतरातच उठवलं. "पाचशेचा आहेर केलाय" म्हणत लग्नात गुलाबजाम रेटणाऱ्या साडूला टोकलं. (तेव्हापासून तो फोन उचलत नाही. हा निव्वळ नफा.)

मग शेतात बोअर मारायचं निघालं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं बोअर म्हणजे जुगारच. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, तिथं गाडी लागली. दोनशे फूट, फुफाटा. तीनशे, फुफाटाच. काळ्या पाषाणात पाणी असलंच तर भेगांत, आणि खोल जावं तशा भेगा कमी. वर फुटाचा दर मात्र चढता. इंजिनाच्या आवाजात मी धाकट्याला काँकॉर्डसुद्धा ओरडून सांगितलं.

"दादा, इथवर आलाव तर आनखी पन्नास मारू की!"

हेच ते! मी हरखलोच. पुस्तकातला विचार असा समोर जिवंत उभा राहिला की होणारा आनंद काही निराळाच. घरचे पैसे जमिनीत जात असले तरी होतो.

साडेपाचशेला पाणी लागलं. दीड इंच, गढूळ.

नशिबानं पाणी लागलं म्हणून निर्णय शहाणपणाचा ठरत नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. ते सांगायला तोंड उघडलं तर कुणीतरी त्यात पेढा कोंबला. पाणाड्याला टॉवेल-टोपी झाली, गाडीवाल्या पोरांना चहा झाला. आई म्हणाली, "पुस्तकवाल्यालाबी द्या की घोटभर."

बिल मात्र सरळ माझ्या हातात आलं.

"तूच म्हनलास नं दादा, गेलेला पैसा मोजायचा न्हाई," धाकटा म्हणाला. "मग नको मोजू. देऊन टाक."