‘जाहिरात’ या शब्दाविषयी

श्वासनलिकेतील स्टेंटवरील (अरुंद झालेली नलिका आतून उघडी ठेवणाऱ्या नळीवरील) माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपला आक्षेप असा, की ‘श्वास मोकळा करणारी नळी’ हे शीर्षक देऊन मी स्टेंटची जाहिरात केली, कफ साचणे, स्टेंट सरकणे, कडांशी मांस वाढणे हे धोके एका ओळीत उरकले आणि कर्करोग नसलेल्या रुग्णात धातूचा स्टेंट टाळावा, ही गोष्ट लपवली.

एक चूक मान्य करतो. ज्यांच्या आडनावावरून ‘स्टेंट’ हा शब्द आला ते चार्ल्स स्टेंट शल्यविशारद नव्हते, दंतवैद्य होते. लेखात दुरुस्ती केली आहे.

मात्र जाहिरात करणाऱ्याला काहीतरी विकायचे असते, आणि मी काय विकतो, हे आपण सांगितले नाहीत. माझ्या वडिलांच्या फुफ्फुसाच्या कर्करोगातील गाठींनी श्वासनलिका बाहेरून दाबली होती. श्वास आत घेताना शिट्टीसारखा कर्कश आवाज येई, आणि तरीही काही महिने दमा समजून इन्हेलरच चालू होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा विरोध सोळापट होतो, हा पुस्तकातला हिशेब मी घरी, रात्रभर खुर्चीत बसून राहणाऱ्या माणसाकडे पाहून शिकलो. गाठ नळीच्या आत असती तर लेझरने जाळता आली असती. दाब बाहेरून असल्यामुळे आतून आधार देण्यावाचून दुसरा चटकन होणारा उपाय नव्हता. पूर्ण भूल देऊन, ताठ दुर्बिणीतून सिलिकॉनचा स्टेंट बसवला, आणि त्या रात्री ते उताणे झोपले. हे पाहिलेल्या माणसाला आपण जाहिरातदार म्हणता, हे (सौम्य शब्दांत सांगायचे तर) शोभत नाही.

कफाचे म्हणाल, तर तो मला आपल्याकडून समजून घ्यायची गरज नाही. स्टेंटखाली झाकल्या गेलेल्या भागातील सूक्ष्म केसांना कफ वर ढकलता येत नाही, म्हणून वडिलांना रोज नेब्युलायझरमधून सलाइन (मिठाचे पाणी, तुषारांच्या रूपात) द्यावे लागे. तरीही दुसऱ्या महिन्यात कफाने नळी तुंबली आणि पुन्हा दुर्बीण घालावी लागली. हे लेखात लिहिले नाही, कारण तो लेख माझ्या वडिलांवर नव्हता.

राहिला धातूच्या स्टेंटचा मुद्दा. अमेरिकेच्या एफडीएचा (औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) २००५ सालचा इशारा मलाही ठाऊक आहे: कर्करोग नसताना शस्त्रक्रिया, सिलिकॉनचा स्टेंट असे पर्याय आधी पाहावेत, कारण धातूच्या स्टेंटच्या जाळीत मांस शिरल्यावर तो काढणे फार अवघड होते. लेखाच्या विस्तारात ते बसले नाही, एवढेच. ‘राहून गेले’ आणि ‘लपवले’ यांतला फरक आपल्यासारख्या जाणत्या वाचकाला कळू नये, याचे नवल वाटते. इशाऱ्याची ओळ आज रात्री लेखात घालतो. शीर्षक मात्र तेच राहील.