‘शरेड’ हा हिचकॉक यांचा चित्रपट नाही

केरी ग्रँट आणि ऑड्री हेपबर्न यांचा १९६३ चा ‘शरेड’ हा रहस्यपटांसाठी प्रसिद्ध असलेले दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचा सर्वोत्तम चित्रपट असल्याचे सांगणारा संदेश सध्या फिरत आहे. हे खरे नाही. श्रेयनामावलीत निर्माता-दिग्दर्शक म्हणून स्टॅन्ले डोनन यांचे नाव असून पटकथा पीटर स्टोन यांची आहे. पॅरिसमधील खून, नाहीशी झालेली रक्कम आणि सतत नाव बदलणारा नायक यांमुळे, शिवाय ग्रँट यांनी हिचकॉक यांच्याकडे चार चित्रपट केलेले असल्यामुळे, असा समज होणे स्वाभाविक आहे. हेपबर्न यांनी मात्र त्यांच्याकडे एकही चित्रपट केला नाही.

या चित्रपटाचा खेळकरपणा मला डोनन आणि स्टोन यांचाच वाटतो. आपल्याहून पंचवीस वर्षांनी लहान नायिकेच्या मागे लागणे ग्रँट यांना अवघड वाटत होते, म्हणून स्टोन यांनी नायिकेलाच पुढाकार दिला, आणि त्यातूनच दोघांचे सर्वांत मोहक संवाद जन्मले. हे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाणे अन्यायाचे आहे. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात ही दुरुस्ती द्यावी.