नायकाला टोकियोला पाठवा

बक्षीसपात्र कादंबरी लिहायची तर आपला नायक नाशिकचाच हवा, त्यातही पंचवटीतला असला तर उत्तम. त्याला बाविसाव्या वर्षी टोकियोला धाडा. परदेशी पाककृतींचा कुशल आचारी म्हणून जपानचा व्हिसा मिळवायला साधारणपणे १० वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणजे पठ्ठ्याने बाराव्या वर्षीच झारा हाती घेतलेला असणार. हरकत नाही. पहिल्या प्रकरणात मुंजीच्या पंगतीत वाढताना दाखवा, भागेल.

पुढे घराची आठवण. ती मध्यरात्रीच यावी आणि अर्ध्या तासात मिसळ तयार व्हावी. मटकी ८ ते १० तास भिजते, मग फडक्यात बांधून मोड यायला आणखी निदान १२ तास, टोकियोच्या जानेवारीत त्याहून जास्त. पण तेवढा वेळ नायक गाठोड्याकडे बघत बसला तर पुढचे प्रकरण कधी सुरू होणार? रडवायचे ते कांदा चिरताना. लासलगावचे नाव घ्या, परीक्षक खूश होतात. फक्त सुरी बोथट ठेवा. धारदार सुरीने कांद्याच्या पेशी कमी चेंगरतात, डोळे कमी झोंबतात आणि प्रसंग कोरडा जातो.

आजी लागेलच, आणि आजीचा काळा मसालाही. सगळे जिन्नस एकाच कढईत एकदम टाकून भाजू द्या, ‘गंध दरवळला’ लवकर लिहिता येते. घरोघरी खोबरे, धणे, तीळ, लवंग वेगवेगळे भाजतात, कारण खोबऱ्याला रंग चढेपर्यंत तीळ काळे पडतात. दगडफूल तर बघता बघता करपते, आणि मग तो रस्सा कशानेही सुधारत नाही. पण कादंबरीतला कडवटपणा विस्थापनाचा असतो, मसाल्याचा नव्हे.

आता संगम. मिसळीच्या कटात रामेनच्या, म्हणजे जपानी रस्सा-शेवयांच्या वाडग्यातल्या, शेवया सोडा आणि ‘दोन संस्कृतींचा संवाद’ म्हणून मोकळे व्हा. खोलात शिरू नका, खोलात मीठ आहे. रामेनच्या वाडग्यात तळाशी ‘तारे’ नावाचा खारट अर्क, त्यावर जवळजवळ बिनमिठाचा रस्सा आणि वर सुगंधी तेल. ते तेल आणि आपली तर्री सख्ख्या बहिणी, तिथवर जमते. पण कटात मीठ आधीच असते. त्यात तारे पडला की घोट घशाखाली उतरत नाही, आणि कटातले मीठ काढावे तर मटकी अळणी. मग मटकी वेगळी मिठात शिजवा, मसाल्यातले पाणी आटून तेल सुटेपर्यंत परता, तर्री वेगळी काढा, रश्शाचे मीठ तारेवर सोपवा. या खटाटोपात नायकाची दोन वर्षे, दोन मालक आणि एक लग्न सहज खर्ची पडेल. हे चुकूनही लिहू नका. कादंबरी चांगली होईल.

त्यापेक्षा भरलेला वाडगा समोर येताच त्याला चिंतनाला बसवा: गोदावरी, रामकुंड, आई. अकरा पाने पुरेत. रामेनच्या शेवया गरम रश्शात काही मिनिटांतच फुगून लिबलिबीत होतात, म्हणून तिथले लोक भुरके मारत आधी वाडगा संपवतात. त्यांना साहित्याची जाण बेताची असावी.

परिशिष्टात पाककृती द्यायचीच तर सगळी प्रमाणे ‘चवीनुसार’ ठेवा. नाशकात एखादी वाचक पुस्तक घेऊन थेट गॅसपाशी उभी राहते. आणि प्रकाशन १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवलेत तर अल्पोपाहाराला मिसळ नको. समोरच्या प्रत्येकाचे तिच्याबद्दल ठाम मत असते, त्यात पुस्तकाचा विषयच निघत नाही. बटाटेवडे सांगा.