सगळ्यांकडे एकच चावी

हे लिहीन लिहीन म्हणता दोन महिने गेले. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, आता कुठं रात्री बसायला सवड भेटली म्हणून सगळं एकदाचं लिहून टाकतो. पोस्ट लांब होणार आहे, पण वाचा, कारण शेवटी मला आपल्या भागाबद्दलच बोलायचं आहे.

तान्हा पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नॉर्वेला निघालो. माझा लहानपणचा दोस्त नऊ वर्षांपासून ओस्लोत असतो, आम्ही अकोटला एका बाकावर बसून शिकलो, दर दिवाळीला फोनवर त्याचं एकच चालू असायचं, "अबे ये ना एकदा, तुले इकडचा सातपुडा दाखवतो." आम्ही दोघंही नरनाळ्याच्या पायथ्याची पोरं, सकाळी दात घासताना समोर डोंगर दिसला नाही तर करमत नाही, त्यामुळे परदेशात जाऊन मॉल आणि म्युझियम पाहण्यापेक्षा डोंगर चढायचा हे आधीच ठरलेलं होतं. व्हिसा, तिकीट, ते सगळं सोडा.

त्याचा "इकडचा सातपुडा" म्हणजे योटुनहाइमेन. नावाचा अर्थ राक्षसांचं घर. नॉर्वेतला सगळ्यात उंच डोंगर गाल्ढोपिग्गेन, २४६९ मीटर, तो याच भागात आहे. आधी येंदे नावाच्या तलावातून बोटीनं गेलो. अठरा किलोमीटर लांब तलाव आणि पाण्याचा रंग हिरवा, पण शेवाळाचा हिरवा नाही, मोरचुदाच्या पाण्यासारखा. दोस्त म्हणाला की वरच्या हिमनद्या दगड घासून घासून त्याचं पीठ करतात आणि ते पीठ पाण्यात तरंगतं म्हणून हा रंग. बोट सोडली की मग पायी. मुक्कामी जायला पाच-सहा तास.

रस्ता म्हणजे पायवाट, तीही काही ठिकाणी नुसते दगड. पण दर थोड्या अंतरावर दगडांची एक उतरंड रचलेली आणि त्यावर लाल रंगानं इंग्रजी टी काढलेला. तो लाल टी दिसला की आपण वाटेवर आहोत. दुपारी असं धुकं आलं की पुढचा माणूस दिसेना, मग एकानं या टी जवळ थांबायचं, दुसऱ्यानं पुढे जाऊन दुसरा टी शोधायचा आणि हाक मारायची, असं तासभर चाललं. एक ओढा चढलेला होता. मी म्हटलं चल निघू, गुडघाभर तर पाणी आहे. दोस्त थांबला. दहा मिनिटं नुसता पाण्याकडे पाहत राहिला आणि मग वरच्या अंगाला चालायला लागला, पाऊण तास वर गेल्यावर ओढा पसरट झाला तिथून ओलांडला. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात अठरा लोक मेले तेव्हापासून तिथं डोंगरात कसं वागायचं याचे नियम लोकांच्या डोक्यात पक्के बसवलेत, त्यातला एक हा की मागं फिरण्यात लाज नाही. दर पावसाळ्यात आपल्याकडे धबधब्यावर, डोहात पोरं बुडून मरतात, त्यांच्या घरच्यांचे चेहरे मला त्या ओढ्यापाशी आठवले.

संध्याकाळी केबिन दिसली. काळ्या लाकडाची, छपरावर पत्र्याची धुराडी, मागं एक छोटा संडास, बाजूला लाकडं रचलेली खोली. आजूबाजूला कुठंच गाव नाही, वॉचमन नाही, मोबाईलला रेंज नाही. दाराला कुलूप. आणि दोस्तानं गळ्यातून दोरीला बांधलेली एक चावी काढली.

मी विचारलं, "हे तुह्यी हाय का?"

"नाई बे, संघटनेची हाय. सगळ्या मेंबरायले हेच चावी भेटते. कुलूपवाली कोणतीबी केबिन असो, बहुतेक सगळ्या याच चावीनं उघडतात."

मला हे समजायला वेळ लागला. ज्या चावीनं हजारो लोक दार उघडू शकतात त्या कुलपाला आपल्याकडे कोणी कुलूप म्हणणार नाही. ही डोंगरात चालणाऱ्यांची संघटना, तिला तिथं डीएनटी म्हणतात, १८६८ ला सुरू झालेली आहे, तीन लाखाच्या वर मेंबर आहेत, साडेपाचशेच्या आसपास केबिनी. काही मोठ्या केबिनींत स्वयंपाकी, जेवण सगळं असतं, काहींत काहीच नसतं. आमची मधल्या प्रकारची. म्हणजे माणूस कोणी नाही, पण गॅस, भांडी, पलंग, रजया, लाकडं, आणि एक कपाट.

त्या कपाटाबद्दल लिहायलाच मी बसलो आहे. दार उघडलं तर आत वरपासून खालपर्यंत सामान. तांदूळ, शेवया, सुपाची पाकिटं, मासे आणि मटणाचे डबे, कॉफी, साखर, क्नेकेब्रोड म्हणजे खाकऱ्यासारखी कडक भाकर. दाराच्या आतून किमतीचा कागद चिकटवलेला. जे लागेल ते घ्यायचं, लिहायचं, रात्रीच्या मुक्कामाचे पैसे त्यात मिळवायचे आणि घरी जाऊन भरून टाकायचे. घरी जाऊन! पाहणारा कोणी नाही. आम्ही तिथले तांदूळ घेतले, माझ्या बॅगेत घरची तुरीची डाळ होती, खिचडी टाकली, आणि त्या कडक भाकरीवर आईनं दिलेली जवसाची चटणी. त्यांचं तपकिरी चीज पण खाल्लं, आपल्या खव्यासारखं लागतं, जरासं तळाला लागलेल्या खव्यासारखं.

केबिनमध्ये आधीपासून एक आजी होत्या, सत्तरीच्या असतील, सोबत बारा-तेरा वर्षांचा नातू. दोघांनी खिचडी खाल्ली, नातवानं दोनदा घेतली. रात्री नऊला चार पोरं भिजून आली तर पलंग भरलेले होते, पण चालत आलेल्या माणसाला परत लावायचं नाही अशीच पद्धत आहे, गाद्या काढून जमिनीवर झोपले. सकाळी उठलो तर आजी फरशी पुसत होत्या, जी त्यांनी घाण केलीच नव्हती. नातू ओढ्यावरून बादलीनं पाणी आणत होता. आणि निघायच्या आधी आजीनं शेगडीतली राख काढली, आत बारीक ढलप्या उभ्या रचल्या, त्याच्यावर झाडाची सुकी साल ठेवली आणि बाजूला काडेपेटी ठेवून दार लावून घेतलं. म्हणजे पुढचा जो कोणी भिजून, हात गारठून येईल त्यानं फक्त काडी ओढायची. तो कोण आहे, कधी येईल, त्यांना माहीत नाही. मी त्या शेगडीसमोर बराच वेळ बसून होतो.

ओस्लोला परत आल्यावर बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. बाबांचा पहिला प्रश्न, "अन् डबे कोनी नेत नाई?" मी म्हटलं नाही. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आन् म्हणाले, "मंग त्यायनं ते आपलं समजलं असन."

गावात आल्यावर ज्याला सांगितलं तो हसला. आपल्याकडे डबे तर जातीलच, कपाटही जाईल. आपले लोक त्या लायकीचे नाहीत. त्यांच्याकडे पैसा आहे म्हणून जमतं. हे ऐकून ऐकून मला खरंच त्रास झाला, कारण हे खोटं आहे आणि आपण ते स्वतःबद्दल रोज बोलतो.

पैशाचं आधी. नॉर्वेला समुद्रात तेल सापडलं १९६९ ला. ही संघटना त्याच्या शंभर वर्षं आधीची. तेव्हा तो देश इतका गरीब होता की गावंच्या गावं पोट भरायला अमेरिकेत चालली होती. त्या काळात लोकांनी डोंगरात निवारे बांधायला घेतले. आजही वाटांवरचे ते लाल टी लोक सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन रंगवतात, केबिनीची डागडुजी करतात, कोणी मजुरी देत नाही. त्याला त्यांच्या भाषेत दुग्नाद असा शब्द आहे. आपण सावड म्हणायचो. माझ्या आजोबांच्या काळात डवरणी सावडीनं व्हायची, आज हा शब्द दहावीतल्या पोराला समजत नाही.

आता लायकीचं. आमचे आजोबा तरुणपणी मोठ्या महादेवाला पायी गेलेले, पचमढीला, चौरागडावर, खांद्यावर त्रिशूळ घेऊन. सातपुडा पूर्ण तुडवत. रात्री कुठं झोपायचे? जे गाव येईल त्या गावात, मारुतीच्या पारावर नाहीतर कोणाच्याही ओट्यावर. "भगत आले" म्हटलं की घरातून भाकर यायची. आजोबा सांगायचे की एका कोरकू घरात माणसं वावरात गेली होती, दार उघडं होतं, म्हातारीनं शेजारून ओरडून सांगितलं की आत माठ आहे, पाणी पिऊन घ्या, कोपऱ्यात कोदोचा भात आहे. हेही बिनमाणसाचं घर आणि उघडं कपाटच झालं ना?

आणि शेगाव तर आपल्या डोळ्यासमोर आहे. किती हजार लोक रोज जेवतात, किती सेवेकरी आपापलं वावर सोडून, पाळी लावून भांडी घासायला, झाडायला जातात, एक रुपया न घेता. माझी मावशी पारसला असते, गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघाली की तिकडून जाते, तेव्हा मावशी अनोळखी माणसांना अंघोळीला पाणी देते, घर मोकळं सोडून स्वतः अंगणात झोपते. आजपर्यंत एक वाटी गेली नाही. मग आपले लोक चोर कसे?

मला वाटतं बाबा बोलले तेच खरं आहे. जे आपलं वाटतं ते लोक सांभाळतात. आपण डोंगर लोकांचे ठेवलेच नाहीत. मागच्या वर्षी आम्ही पाच जण मेळघाटातल्या एका विश्रामगृहावर गेलो, बुकिंग केलेलं होतं, कागद हातात होता, तरी साहेबांचे पाहुणे आले म्हणून संध्याकाळी साडेसहाला आम्हाला परत लावलं. दोन खोल्या मोकळ्या होत्या, आम्ही खिडकीतून पाहिल्या. अंधारात घाट उतरलो. तिथंही सरकारचंच घर आहे, पण ते माझं आहे असं मला का वाटेल? मी तिथला पंखा का जपेन?

मला माहीत आहे कोणी म्हणेल वाघ आहे, अस्वल आहे. बरोबर आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या राखीव जंगलात, पायी फिरा असं मी म्हणतच नाही, तो वाघ राहिलाच पाहिजे. पण सातपुड्याच्या पायथ्याला किती गावं आहेत, गावाची जंगलं आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ ला आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क घेतला, ग्रामसभा तिथलं जंगल चालवते. वनहक्क कायदा २००६ पासून आहे. ज्या ग्रामसभेकडे जंगल आहे तिनं एक खोली बांधावी, गावातल्या दोन बाया-माणसांनी सामान भरावं, चालत येणाऱ्यांनी वहीत नाव आणि पुढचा मुक्काम लिहावा, पैसे गावाच्या खात्यात जावे. रिसॉर्ट नको, स्विमिंग पूल तर नकोच नको. एका गावातून निघून संध्याकाळी दुसऱ्या गावात पोहोचता आलं पाहिजे, एवढंच. आपल्या पोरांनी सातपुडा फक्त जिप्सीतून आणि रील मधून पाहायचा का?

तिथला अजून एक कायदा मला फार आवडला. १९५७ चा आहे. मोकळ्या डोंगरात, जंगलात कोणालाही चालायचा हक्क, घरापासून दीडशे मीटर लांब असेल तर तंबूही टाका, जमीन कोणाचीही असो. पण पीक उभं असलेल्या वावरातून जायचं नाही. हिवाळ्यात जमीन गोठली, बर्फ पडला, की मग त्यातूनही जा. म्हणजे चालणाऱ्याचाही विचार केला आणि शेतकऱ्याचाही.

तर आमचं डोंगराकडचं वावर आहे तिथं जागलीची एक खोली आहे, टिनाची, पण पक्की. दिवाळीनंतर मी आणि बाबांनी तिला चुना दिला. दोन बाजा टाकल्या, माठ, एक चूल, पत्र्याच्या डब्यात तांदूळ, डाळ, मीठ, चहा-साखर, आणि एक शंभर पानी वही. चावी दाराजवळच्या कडुनिंबाला टांगलेली आहे. कोणीही चालत यावं.

बाबांनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं एकच गोष्ट लिहायला लावली. मी त्यांना नॉर्वेचा तो कायदा सांगितलेला नव्हता, आईशपथ. ते म्हणाले, "लिह्य, तुरी उभ्या अस्तानी धुऱ्याधुऱ्यानं चालायचं. तुरी निघाल्या का मंग कुठूनबी जा." धुरा म्हणजे वावराचा बांध.

आतापर्यंत वहीत चार नावं आहेत. तिसऱ्यानं तांदळाचे पैसे डब्यात ठेवलेत आणि चुलीत काड्या रचून गेला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.